एरर फेकावी कुठे, झेलावी कुणी?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. त्या दिवशी पडद्यावर दाखवलेला कोड इथे शब्दांत सांगितला आहे.)



मागच्या वेळी याच जागी गुडघेदुखीवर व्याख्यान झालं, तेव्हा मागे उभं राहायलाही जागा नव्हती. आजचा विषय ‘जावास्क्रिप्टमध्ये स्वतःच्या एरर कशा लिहाव्यात’ असा आहे हे कळूनही तुम्ही एवढे जण आलात, त्याबद्दल आधी आभार मानतो. समोर बघतोय तर निम्मे लोक माझ्याच धंद्यातले दिसतात. उरलेले निम्मे बहुधा त्यांना घरी न्यायला थांबलेत. दोघांनाही कळेल असं बोलायचा प्रयत्न करतो.

विषय तसा एका वाक्याचा आहे. प्रोग्रॅम चालता चालता त्याला पुढे जाता येईनासं झालं, तर त्याने काय करावं? गप्प बसावं, खोटं बोलावं, की ओरडावं? आणि ओरडायचं तर कोणत्या शब्दांत, आणि ते ऐकायचं कुणी?

इंग्रजीतल्या एक्सेप्शनला आपल्याकडे ‘अपवाद’ हा छान शब्द आहे, पण आमच्यात तो कुणी वापरत नाही. आम्ही सरसकट सगळ्याला एरर म्हणतो आणि पहिला घोटाळा तिथेच होतो. एरर म्हटलं की वाटतं कुणाची तरी चूक झाली, आणि चूक म्हटलं की ती झाकावीशी वाटते. अपवाद म्हटलं की एवढंच कळतं, की नेहमीचा रस्ता आज बंद आहे. चूक कुणाची ते नंतर बघता येतं.

तुमच्यापैकी ज्यांनी गावाकडे सातबाऱ्याच्या भानगडी केल्यात त्यांना हे पटकन कळेल. तलाठ्यापुढे अर्ज येतो. नेहमीचा असेल तर तो उतारा देऊन मोकळा. पण समजा, वारसांची नावंच जुळत नाहीत. मग त्याच्यापुढे तीन वाटा असतात. एक, अर्ज खणात टाकायचा आणि ‘झालं काम, या आता’ म्हणायचं. दोन, अंदाजाने काहीतरी नाव घालून उतारा द्यायचा. तीन, फाईलवर शेरा मारून ती मंडळ अधिकाऱ्याकडे पाठवायची. त्यालाही अधिकार नसला तर ती नायब तहसीलदाराकडे जाईल, तहसीलदाराकडे जाईल. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्या टेबलावर ती थांबेल.

थ्रो म्हणजे ही तिसरी वाट. प्रोग्रॅममधलं एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, ते तिसऱ्याला. सगळ्यात आतल्याला कळतं की आपल्याला पुढे जाता येत नाही. ते शेरा लिहून फेकतं. मग फाईल एकेक पायरी वर चढते आणि जिथे कॅच लिहिलेला असेल तिथे थांबते. मधल्या फंक्शनांचं उरलेलं काम तिथल्या तिथे सुटतं. ती कोणकोणत्या टेबलांवरून आली याची नोंद बरोबर असते, तिला स्टॅक ट्रेस म्हणतात. कुणीच झेललं नाही तर ती थेट ब्राउझरच्या दारात जाऊन पडते.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आमच्या भाषेचा स्वभाव कळत नाही. ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट मे १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये दहा दिवसांत उभी केली, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्या घाईत थ्रो आणि कॅच राहून गेले. ते भाषेच्या प्रमाणग्रंथात आले डिसेंबर १९९९ मध्ये, एक्मास्क्रिप्टच्या तिसऱ्या आवृत्तीत. ट्राय, कॅच, फायनली, थ्रो आणि टाइपएरर, रेंजएरर वगैरे तयार जाती सगळ्या तेव्हाच्या. त्याआधी पानावर काही बिघडलं तर ब्राउझर तेवढा तुकडा सोडून पुढे जायचा. मी शाळेत होतो तेव्हा लॅबमधल्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या खालच्या पट्टीत डावीकडे एक पिवळा त्रिकोण दिसायचा. आमच्या सरांना तो सजावटीचा भाग वाटत असावा. तर, बिघडलं तरी चेहरा हसरा ठेवायचा ही सवय या भाषेच्या घरातच आहे. पीएचपीवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे एक्सेप्शन आलं २००४ मध्ये, पाचव्या आवृत्तीत, आणि ओळीच्या आधी अॅटचं चिन्ह टाकून एररचं तोंड दाबायची सोय तर त्यांनी भाषेतच दिली.

‘फेकणं’ हा शब्द का, असं मला एकदा इथल्याच एका काकांनी विचारलं होतं. सी प्लस प्लसचे कर्ते ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी त्याचं एक कारण अगदी व्यवहारी दिलं आहे. रेझ आणि सिग्नल हे जास्त सरळ शब्द सी भाषेच्या लायब्ररीतल्या फंक्शनांनी आधीच घेतलेले होते. म्हणून उरलेला थ्रो घेतला.

बरं. आता मुद्द्यावर येतो, म्हणजे एका कामाबद्दल सांगतो.

औषधदुकानांच्या एका साखळीसाठी काही महिने कन्सल्टिंग केलं. नाव सांगत नाही. त्यांच्या वेबसाइटवर रिफिलचं पान होतं. नेहमीची गोळी संपत आली की घरबसल्या बटण दाबायचं, पडद्यावर ‘धन्यवाद, तुमची मागणी नोंदवली आहे’ असं येणार, आणि दोन दिवसांनी दुकानातून डबी आणायची. पान सहा वर्षं चालू होतं. तक्रारी यायच्या, पण फार नाही. कुणीतरी काउंटरवर येई, डबी तयार नसे, काउंटरवरची मुलगी म्हणे, ‘तुम्ही बटण दाबायचं विसरला असाल.’ माणूस सत्तरीचा असला की तोही म्हणे, असेल बुवा.

यातल्या एका आजोबांची गोष्ट आम्हाला त्या दुकानाच्या फार्मासिस्टकडून कळली. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू होती. दोनदा ती तीन-तीन दिवस चुकली. तिसऱ्यांदा डबी मिळाली नाही तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना स्मृतिभ्रंशाच्या तपासणीसाठी न्यायचं ठरवलं. घरात बोलणं झालं असेल, गाडीच्या किल्ल्या काढून घ्यायच्या का वगैरे. अमेरिकेत म्हाताऱ्या माणसाच्या हातून गाडीची किल्ली जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पण आजोबा हट्टी निघाले. त्यांनी एका छोट्या वहीत तारीख, वेळ आणि पडद्यावर काय दिसलं ते लिहायला सुरुवात केली, आणि ती वही फार्मासिस्टच्या पुढ्यात ठेवली. फार्मासिस्ट बाई चांगल्या होत्या, त्यांनी ती फोटो काढून वर पाठवली.

वहीतल्या वेळा बघितल्यावर काम सोपं होतं. आजोबा अकराच्या बातम्या संपल्या की कॉम्प्युटरवर बसायचे. दुकानांच्या साठ्याचा हिशोब ठेवणारी जी दुसरी प्रणाली होती तिचा बॅकअप रोज रात्री साडेअकराच्या सुमाराला सुरू व्हायचा, आणि काही मिनिटं ती उत्तर देत नसे. रिफिलच्या पानामागचा कोड असा होता: ट्राय, त्यात साठ्याच्या प्रणालीकडे मागणी पाठवायची एक ओळ. मग कॅच, आणि कॅचच्या महिरपी कंसांत काही नाही. काहीच नाही असं नाही, एक कमेंट होती, मराठीत सांगायचं तर ‘पुढे बघू’. आणि त्या दोन्हींच्या खाली, बाहेर, धन्यवाद दाखवणारी ओळ. मागणी पोहोचो न पोहोचो, आभार ठरलेले.

लक्षात घ्या, एरर आली होती. दर वेळी आली होती, अगदी नियमाने. आतल्या फंक्शनने आपलं काम चोख केलं, शेरा लिहून फाईल वर पाठवली. वरच्याने ती खणात टाकली आणि आजोबांना सांगितलं, झालं काम, या आता. एका रिकाम्या कॅचमुळे सहा वर्षं लोकांच्या स्मरणशक्तीवर ठपका ठेवला जात होता.

मॅनेजर मंडळींचा पहिला प्रस्ताव होता की कॅचमध्ये ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश टाकून द्या. एका ओळीचं काम. माझं म्हणणं होतं की हे रिकाम्या कॅचचंच थोडं सुधारलेलं भावंड आहे. कारण ‘काहीतरी’ म्हणजे काय? मागणी अडण्याची निदान तीन वेगळी कारणं होती. एक, डॉक्टरांच्या चिठ्ठीची मुदत संपलेली असणं. यात आजोबांनी शंभर वेळा बटण दाबून उपयोग नाही, डॉक्टरांना फोन करायला हवा. दोन, गोळी साठ्यात नसणं. यात आजोबांनी काहीच करायचं नाही, दुकानाने दुसऱ्या शाखेतून मागवायची. आणि तीन, साठ्याच्या प्रणालीचं उत्तरच न येणं. तिन्ही वेळा माणसाने करायची गोष्ट वेगळी, म्हणून तिन्ही एररना वेगळं नाव हवं. एवढ्यासाठीच स्वतःच्या एरर लिहायच्या असतात.

तिसरी सगळ्यात वाईट. उत्तर आलं नाही याचा अर्थ मागणी पोहोचली नाही असा होत नाही. कदाचित पोहोचली असेल, नोंदली गेली असेल, आणि ‘मिळाली’ हे सांगणारं उत्तर वाटेत हरवलं असेल. अशा वेळी ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हटलं आणि आजोबांनी तीनदा दाबलं तर? रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या तीन डब्या. म्हणून प्रत्येक मागणी तयार होतानाच तिला एक वेगळा क्रमांक द्यायचा, आणि पुन्हा पाठवताना तोच क्रमांक पाठवायचा. समोरच्या प्रणालीने तो क्रमांक आधी पाहिला असेल तर ती नवी नोंद न करता जुनंच उत्तर परत देते. हे करून घ्यायला दोन आठवडे लागले, कारण साठ्याची प्रणाली दुसऱ्या कंत्राटदाराकडे होती आणि त्यांच्या मते त्यांच्या प्रणालीत काहीच अडचण नव्हती. (असतच नाही. कुणाच्याच नसते.)

आता कोडवाल्यांसाठी. बाकीच्यांनी पाच मिनिटं आपापसांत हळू गप्पा माराव्यात, माझी हरकत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये तुम्ही काहीही फेकू शकता. आकडा, अक्षरांची माळ, काहीही. भाषा अडवत नाही. पण नुसतं वाक्य फेकलंत तर त्याबरोबर स्टॅक ट्रेस जात नाही, म्हणजे शेरा आहे पण फाईल कुठून आली ते नाही. म्हणून फेकायची ती एरर जातीचीच वस्तू. २०१५ च्या आवृत्तीत क्लास आल्यापासून हे सोपं झालं, त्याआधी प्रोटोटाइपच्या कसरती कराव्या लागायच्या. क्लास मुदतसंपली एक्स्टेंड्स एरर, असं सुरू करायचं. आत कन्स्ट्रक्टर, त्याची पहिली ओळ सुपर, तिला संदेश द्यायचा. मग नेम या खान्यात नाव लिहायचं, आणि खाली आपली माहिती ठेवायची: चिठ्ठीचा क्रमांक, मुदत कधी संपली ती तारीख. झालं, सहा ओळी. आणि हो, क्लासचं नाव देवनागरीत चालतं का, असं तुम्ही विचारणारच. चालतं. क्लास आणि एक्स्टेंड्स हे भाषेचे शब्द तेवढे इंग्रजीत, बाकी नाव युनिकोडच्या अक्षरांत देता येतं. ऑफिसात करू नका, पण घरी मुलांना शिकवताना जरूर करा.

नेमची ओळ गाळली तर काय होतं? तुमच्या एररचं नेम नुसतं ‘एरर’च राहतं, वडिलांकडून आलेलं. काही जण हुशारी करून तिथे कन्स्ट्रक्टरचं नाव आपोआप घेतात. ते तुमच्या लॅपटॉपवर छान चालतं. पण कोड सर्व्हरवर चढवताना तो दाबून लहान करतात, त्यात क्लासची लांब नावं एकेका अक्षराची होतात, आणि मग लॉगमध्ये ‘टी’ नावाची एरर दिसायला लागते. नाव अवतरणचिन्हांत, स्वतःच्या हाताने लिहा.

माहिती वेगळ्या खान्यांत ठेवा म्हटलं, त्यालाही कारण आहे. पुष्कळ कोडमध्ये संदेशाचे शब्द तपासून निर्णय घेतलेला दिसतो, म्हणजे संदेशात अमुक शब्द असेल तर असं कर. संदेश माणसांसाठी असतो, तो बदलतो. नसलेल्या वस्तूतली किंमत वाचायला गेलात तर क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघेही ओरडतात, पण तीन वेगळ्या वाक्यांत. क्रोमने आपलं वाक्य २०२१ मध्ये बदललं, आधी गुणधर्माचं नाव मध्ये यायचं, आता शेवटी कंसात येतं. त्या जुन्या वाक्यावर ज्यांचा कोड उभा होता त्यांचा तो उभा राहिला नाही.

खान्यांत काय ठेवू नये हेही सांगतो. एरर लॉगमध्ये जाते, लॉग दहा जण वाचतात. रुग्णाचं नाव आणि गोळीचं नाव एकाच ओळीत तिथे गेलं तर इथल्या १९९६ च्या हिपा कायद्याखाली कंपनीच्या वकिलांची झोप उडते. चिठ्ठीचा आतला क्रमांक ठेवा. ज्याला अधिकार आहे तो त्यावरून बाकीचं शोधेल.

आता झेलण्याची बाजू. मला विचाराल तर फेकण्यापेक्षा हे अवघड. जावामध्ये कॅचलाच सांगता येतं की मी फक्त अमुक जातीची एरर झेलेन. जावास्क्रिप्टचा कॅच सगळंच झेलतो. तुमची मुदतसंपली झेलतो, आणि कुणीतरी फंक्शनचं नाव चुकीचं टाइप केलं असेल तर ती रेफरन्सएररही झेलतो. मग होतं काय, की प्रोग्रॅमरची टायपिंगची चूक ‘गोळी साठ्यात नाही’ या वेषात ग्राहकापुढे येते आणि दुकानदार फडताळं शोधत बसतो. म्हणून कॅचमध्ये पहिला प्रश्न, इन्स्टन्सऑफ वापरून: ही मला ओळखीची आहे का? असेल तर तिचं काय ते करा. नसेल तर थ्रो, जशीच्या तशी वर. ही ‘परत फेकायची’ ओळ मी ज्या कोडमध्ये बघतो तिथे मला लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटतो. हल्ली एआयकडून लिहून घेतलेला कोड तपासायला खूप येतो. त्यात ट्राय-कॅच सढळ हाताने वाढलेले असतात, पण झेलल्यावर लॉगमध्ये एक ओळ टाकून पुढे चालू. दिसायला जबाबदार, काम तेच ‘पुढे बघू’चं.

कधी कधी झेलून दुसऱ्या नावाने फेकावं लागतं. नेटवर्कची एरर आली, ती रिफिलच्या भाषेत ‘साठ्याचं उत्तर आलं नाही’ अशी करायची. तेव्हा जुनी फेकून देऊ नका. २०२२ च्या आवृत्तीपासून नवी एरर बनवताना कॉज या नावाने जुनी तिच्या आत ठेवता येते. नव्या शेऱ्याला जुना कागद टाचणीने लावल्यासारखं. आणि फायनलीमध्ये रिटर्न लिहू नका. तिथे रिटर्न लिहिलं की फेकलेली एरर मुकाट्याने नाहीशी होते, रिकामा कॅच न लिहिताही.

मग प्रत्येक अडचणीला एक क्लास लिहायचा का? नाही. एका प्रोजेक्टमध्ये मी सत्तर-ऐंशी एरर क्लास पाहिले, आणि त्या सगळ्यांना झेलणारा कोड एकच काम करत होता. कष्ट वाया. झेलणारा काही वेगळं करणार असेल तरच वेगळं नाव. आणि फॉर्ममध्ये फोन नंबर भरायचा राहिला, हा अपवाद नाही. लोक फोन नंबर विसरणारच. त्याला सरळ इफ पुरतो.

इथे कुणी म्हणेल, फेकाफेकी हवीच कशाला? फंक्शनने उणे एक परत द्यावा, किंवा रिकामी यादी. जुन्या सी भाषेत तसंच चालायचं. अडचण ही की उणे एक हासुद्धा आकडाच दिसतो, आणि तो आकडा समजून कुणीतरी वापरतो. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात महाग उदाहरण वेबचं नाही, अग्निबाणाचं आहे.

४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून युरोपचा नवा अग्निबाण, एरियन ५, पहिल्यांदा उडाला. त्यावर क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. ३७ सेकंदांच्या सुमाराला त्याच्या दिशा सांगणाऱ्या यंत्राच्या संगणकात एक ६४ बिटांचा अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायचा प्रयत्न झाला. १६ बिटांत ३२,७६७ च्या पुढे जागा नाही. आकडा मोठा होता, एक्सेप्शन फेकलं गेलं. हा कोड आधीच्या एरियन ४ मधून जसाच्या तसा घेतला होता. तो अग्निबाण संथ, तिथे आकडा कधी एवढा वाढायचाच नाही. अशी मोडू शकणारी सात रूपांतरं होती, त्यातल्या चारांना संरक्षण दिलं होतं, तिघांना नाही, कारण संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. कमाल म्हणजे कोडचा हा भाग उड्डाणाआधी यंत्राची दिशा जुळवण्यासाठी होता, उडाल्यावर त्याचं काही कामच नव्हतं.

एक्सेप्शन कुणी झेललं नाही, यंत्र बंद पडलं. शेजारी राखीव यंत्र होतं, त्यात तोच कोड, ते ७२ मिलिसेकंद आधीच त्याच कारणाने बंद पडलेलं. आणि पुढचं ऐका. बंद पडताना यंत्राने आपल्याला काय झालं याची माहिती पाठवली, आणि मुख्य संगणकाने ती उड्डाणाची खरी माहिती समजून वाचली. त्याला वाटलं अग्निबाण भरकटलाय. त्याने तो सरळ करायला नळ्या पार वळवल्या, अग्निबाण खरोखरच भरकटला, मोडला आणि स्वतःला उडवून मोकळा झाला. गणितज्ञ झाक-लुई लिआँ यांच्या समितीने जुलै १९९६ मध्ये दिलेला अहवाल वाचण्यासारखा आहे. आमच्या विषयापुरतं एवढंच बघा: तक्रार आणि माहिती एकाच वाटेने पाठवली, आणि ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळला नाही. थ्रोची वाट रिटर्नच्या वाटेपासून वेगळी ठेवलेली आहे ती याचसाठी.

वेबवर हाच घोटाळा रोज होतो. फेच वापरून सर्व्हरकडे मागणी पाठवलीत आणि सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिलं, तर फेच एरर फेकत नाही. त्याच्या दृष्टीने उत्तर आलं, विषय संपला. फक्त नेटवर्कच तुटलं किंवा ब्राउझरने मागणीच अडवली तर तो फेकतो. ओके हा खाना तपासून तुम्हाला स्वतः फेकावं लागतं. नवी मुलं इथे हटकून अडखळतात, आणि यात त्यांचा दोष आहे असं मला वाटत नाही.

दुसरी अडखळण्याची जागा म्हणजे नंतर होणारी कामं. ट्रायच्या आत सेटटाइमआउट लावून पाच सेकंदांनी करायचं काम ठेवलंत, आणि पाच सेकंदांनी ते मोडलं, तर तो कॅच उपयोगाचा नाही. पाच वाजले, साहेब घरी गेले, फाईल त्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढे. प्रॉमिसचंही तसंच, अवेट लावला नाहीत तर ट्राय त्याची वाट बघत नाही. अशा न झेललेल्या प्रॉमिसकडे नोड जेएस बरीच वर्षं नुसता इशारा छापून दुर्लक्ष करायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीपासून तो प्रोग्रॅमच बंद करतो. तेव्हा पुष्कळांनी आरडाओरडा केला. मला तो निर्णय पटला.

भाषण संपल्यावर हायस्कूलमधल्या एका मुलीने छान प्रश्न विचारला, तो आणि त्याचं उत्तर इथे देतो. ती म्हणाली, काका, मग संपूर्ण प्रोग्रॅमभोवती एकच मोठा ट्राय-कॅच लावला तर चालणार नाही का?

लावायचाच. सगळ्यात वरच्या टेबलावर कुणीतरी बसलेला हवाच, नाहीतर ग्राहकाला कोरा पडदा दिसतो. पण त्याच्याकडे जे येतं ते खालच्या कुणालाच न ओळखता आलेलं असतं, त्यामुळे त्याने दुरुस्तीच्या फंदात पडायचं नाही. पूर्ण एरर, आतल्या कॉजसकट, लॉगमध्ये लिहायची. तिला एक क्रमांक द्यायचा. ग्राहकाला सरळ सांगायचं की तुमची मागणी नोंदली गेली की नाही हे आम्हाला आत्ता सांगता येत नाही, हा क्रमांक घेऊन या नंबरवर फोन करा. स्टॅक ट्रेस त्याला दाखवायचा नाही. त्याला त्यातलं कळणार नाही, आणि ज्याला कळेल त्याला तुमच्या फाईलींची आणि टेबलांची नावं फुकटात मिळतील. सर्व्हर असेल तर त्यानंतर ती प्रक्रिया बंद करून नवी सुरू करायची, कारण अनोळखी एरर येऊन गेल्यावर आत कोणती किंमत अर्धवट राहिली आहे ते कुणालाच माहीत नसतं. औषधदुकानांच्या कामात आम्ही हा वरचा कॅच अगदी आधी बसवला. पहिल्याच आठवड्यात त्याने अशा दोन एरर पकडल्या, ज्यांचा रिफिलशी काही संबंध नव्हता.